‘चाळीस वर्षांत पहिली’, मग मधल्या कुठे गेल्या?

सांजवारा

एप्रिल २०१२ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘स्कँडल’ ही मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या बातम्यांत एक वाक्य सगळीकडे फिरत होतं: नेटवर्कवरच्या (म्हणजे केबल न घेता दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांवरच्या) नाट्यमालिकेत जवळपास चाळीस वर्षांनी कृष्णवर्णीय नायिका. मोजणी १९७४ च्या ‘गेट ख्रिस्टी लव्ह!’ पासून. त्यात टेरेसा ग्रेव्ह्ज पोलीस डिटेक्टिव्ह होती.

‘स्कँडल’ची नायिका केरी वॉशिंग्टन हिचं कौतुक व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते वाक्य म्हणजे चाळणी आहे. शोटाइमवर २००० ते २००४ ‘सोल फूड’ चालली, तीन बहिणींची गोष्ट. ती केबलवर, म्हणून बाद. टीएनटीवर ‘हॉथॉर्न’मध्ये जेडा पिंकेट स्मिथ तीन सीझन मुख्य नर्स होती. तीही बाद. २०१० ची ‘अंडरकव्हर्स’ तर एनबीसीचीच. पण गुगू एमबाथा-रॉ तिथे नवऱ्याच्या जोडीने हेर, म्हणजे ‘एकटी’ नायिका नाही. ‘गर्लफ्रेंड्स’ आठ सीझन चालली, पण ती पडली विनोदी. भोकं एवढी नेमकी पाडली की खाली कुणी उरूच नये!

आणि पहिल्या दिवशी ‘पहिली’ म्हणून येणारा वार्ताहर पुढे फिरकत नाही. ‘स्लीपी हॉलो’ (२०१३) दोन साक्षीदारांची गोष्ट होती, पण लिहिणाऱ्यांना ती त्यातल्या गोऱ्या नायकाचीच, इकाबॉड क्रेनचीच वाटायची. २०१६ मध्ये दुसऱ्या साक्षीदाराचं, म्हणजे कृष्णवर्णीय निकोल बेहारीचं पात्र मारलं, प्रेक्षक खवळले. ती त्या काळात आजारी होती आणि ‘त्रासदायक’ असा शिक्का तिच्यावर बसला, हे मला कळलं ते २०२० मध्ये तिनेच मुलाखतीत सांगितल्यावर.

खडूस सदाशिव

एवढा संताप कशाला? ‘नेटवर्क’ हा शब्द कुणी कट करून घुसवलेला नाही. एबीसी, सीबीएस, एनबीसी अँटेना लावली की फुकट दिसतात, केबलला पैसे पडतात. जाहिरातदाराचा मोठा पैसा कुठे लावला जातो हेच ते वाक्य सांगतं, आणि तेच महत्त्वाचं आहे. उलट तुमची यादी धरली तर वाहिन्यांना म्हणता येईल, ‘बघा, होत्या की!’

दुसरं, लोक जे बघतात त्यावर पेपरवाले लिहितात. ‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग २००४ मध्ये अमेरिकेत पाच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्यावर पानं भरली तर त्यात पक्षपात कसला?

एडिसनची मावशी

सदाशिवराव, बरं झालं ‘फ्रेंड्स’चं नाव तुम्हीच काढलंत. मी नव्वदच्या दशकात अमेरिकेत आले तेव्हा इंग्रजी सुधारावं म्हणून ती बघायचे. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसायची आणि म्हणायची, आमच्याकडे हे आधीच येऊन गेलंय. ती ‘लिव्हिंग सिंगल’बद्दल बोलत होती. सहा कृष्णवर्णीय तरुण, न्यूयॉर्क, एकमेकांच्या घरी पडीक. फॉक्सवर ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू, म्हणजे ‘फ्रेंड्स’च्या वर्षभर आधी. दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्याच. क्वीन लतीफा, एरिका अलेक्झांडर, पाच सीझन.

लोक बघतात म्हणून पेपर लिहितात की पेपर लिहितात म्हणून लोक बघतात? मी तरी मासिकाच्या मुखपृष्ठावर जे दिसलं तेच लावलं.

टाकाऊ_टिकाऊ

अमेरिकेचं कशाला, आपल्याकडे सावळ्या नायिकेच्या भूमिकेला गोरी मुलगी घेऊन तिला मेकअपने काळं करतात, त्यावर बोला.

सांजवारा

बोलू, पण स्वतंत्र. तो प्रश्न भूमिका कुणाला देतात याचा. इथे भूमिका मिळालेल्या बाईकडे बातमीदार कसं बघतो ते चाललंय. मावशी, तुमच्या मैत्रिणीने एका वाक्यात सगळं सांगितलं.

सदाशिव, लक्ष दिलं तरी दिसतं असं नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘स्कँडल’ची निर्माती शोंडा ऱ्हाइम्स हिच्यावर मोठा लेख छापला. पहिल्याच वाक्यात तिला ‘संतापी काळी बाई’ या साच्यात बसवलं, आणि ‘हाऊ टू गेट अवे विथ मर्डर’ तिची म्हणून टाकली. ती मालिका निर्माण केली पीटर नोवॉकने, गोऱ्या पुरुषाने! ऱ्हाइम्स कार्यकारी निर्माती होती. त्यातली नायिका व्हायोला डेव्हिस हिला तर ‘रूढ अर्थाने कमी सुंदर’ ठरवलं. त्याच भूमिकेसाठी पुढच्या वर्षी तिला नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी (टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाला, कृष्णवर्णीय बाईला पहिल्यांदा.

खडूस सदाशिव

नोवॉकचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण त्या लेखावर खुद्द टाइम्सच्याच पब्लिक एडिटरने, म्हणजे वाचकांच्या वतीने पेपरवर नजर ठेवणाऱ्या संपादकाने, जाहीर टीका केली होती, ते सोयीस्कर गाळलंत. ‘माध्यमं’ म्हणजे काही एक माणूस नव्हे.

आणि ‘पहिली’च्या मथळ्यांचा एक फायदा तुम्ही बघत नाही. जानेवारी २०२४ मध्ये क्विंटा ब्रन्सनला विनोदी मालिकेसाठी प्रमुख अभिनेत्रीचा एमी मिळाला तेव्हा ‘कृष्णवर्णीय बाईला १९८१ नंतर प्रथमच’ असं छापून आलं. त्यामुळेच मी शोधलं आणि मला इझाबेल सॅनफर्ड हे नाव कळलं, ‘द जेफरसन्स’मधली. मथळा नसता तर कळलं नसतं.

सांजवारा

सॅनफर्ड कळली, छान. पण तिला एमी मिळाला होता म्हणून कळली. ‘गर्लफ्रेंड्स’चे १७२ भाग झाले, २००८ मध्ये लेखकांच्या संपात ती शेवटचा भाग न करताच बंद पडली. तिचं नाव कुठल्या मथळ्यातून कळणार होतं तुम्हाला?

एडिसनची मावशी

वाद घाला, पण आधी ‘लिव्हिंग सिंगल’ बघा तरी. दोघंही.

खडूस सदाशिव

रविवारी चार भाग पाहिले. येता-जाता मैत्रिणींचा फ्रीज रिकामा करणाऱ्या त्या मॅक्सीन वकिलीणबाईंना मानलं. ‘नेटवर्क’बद्दलचं मत आहे तेच आहे.