‘एक्स-रे साफ, मूल घरी’ म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळी: काल एकाने बिनधास्त लिहिलंय, "पाण्यातून काढलेल्या प्रत्येक मुलाचा आल्याआल्या छातीचा एक्स-रे काढा, साफ असेल तर घरी सोडा." अहो, फुप्फुसात गेलेलं पाणी सर्फॅक्टंट (वायुकोश उघडे ठेवणारा थर) धुऊन नेतं, वायुकोश मिटतात, सूज मागाहून चढते. अर्ध्या तासात काढलेली फिल्म स्वच्छ, आणि चौथ्या तासाला मूल धापा टाकतंय, असं होतं. घरी सोडायचं ते ६ ते ८ तास बघून. श्वासाचा वेग वयानुसार, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, छातीत करकर नाही, बाहेरून ऑक्सिजन न देता रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर, शुद्ध पूर्ण. यात फिल्म कुठे बसते?

फिल्मवाला: घरी सोडण्याबद्दल बरोबर. पण एक्स-रेला इतकं हिणवू नका. श्वासासाठी नळी घातलेल्या मुलात नळीचं टोक उजव्या श्वासनळीत घसरलंय का, हे कानाने दर वेळी कळत नाही. जीव वाचवताना छाती दाबली असेल तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) बघायचा. गाळात बुडालेल्याच्या श्वासनळ्यांत वाळू दिसते. डोस ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास, त्याचा बाऊ नको.

रात्रपाळी: डोसबद्दल बोललंय कोण? खोकणाऱ्या, ऑक्सिजन लागणाऱ्या मुलाचा काढाच. हसतखेळत बसलेल्याचा कशाला?

बाल_निवासी: कारण पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो! फिल्मवर जरा पांढरं दिसलं की कुणीतरी सेफ्ट्रिआक्सोन हे अँटिबायोटिक लिहितंच. पहिल्या दिवसाचं पांढरं म्हणजे पाणी, सूज, मिटलेले वायुकोश. पहिल्या दिवशीचा तापही नुसत्या दाहाने येतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देणारे तर वेगळेच, त्याचा काही उपयोग नाही.

वॉर्ड७: खुर्चीत बसून सोपं आहे बोलणं. गटाराचं पाणी पोटात-छातीत गेलेलं मूल समोर असलं की बघू तुमचा संयम.

बाल_निवासी: गटाराचं पाणी हा अपवाद, तिथे विचार करा. पण मग श्वासनलिकेतला स्राव कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) पाठवा. स्यूडोमोनास या जंतूवर सेफ्ट्रिआक्सोन चालत नाही, हे वॉर्डात कुणी सांगितलं नाही वाटतं?

वॉर्ड७: टोमणे राहू द्या. कल्चर येईपर्यंत दोन दिवस हात बांधून बसायचं?

बाल_निवासी: हात बांधून नाही, श्वास मोजत बसायचं. ताप टिकतो, पांढऱ्या पेशी चढतात, ऑक्सिजनची गरज सुधारून पुन्हा वाढते, तेव्हा सुरू करा.

वॉर्ड७: बरं, साध्या पाण्याला नाही देत. गटाराला देणारच.

फिल्मवाला: त्या ‘पांढऱ्या’बद्दलही बोला ना कुणीतरी. रडणारं मूल, आडवं, पोर्टेबल मशीन, श्वास सोडतानाचा क्षण. डायफ्रामच्या वर पुढच्या ५-६ फासळ्या मोजा. चारच दिसल्या तर धूसरपणा बहुतेक फिल्मचाच. गळ्याच्या हाडांची टोकं मणक्यापासून सारखी नसली तर मूल वळलेलं आहे. लहानग्यांत थायमस (छातीतली ग्रंथी) असतो, तो न्यूमोनिया नव्हे.

रात्रपाळी: म्हणजे तुम्हीच सांगताय की ही फिल्म भरवशाची नाही.

फिल्मवाला: वाचता येत नसेल तर नाही.

तिसरा_बेड: भांडा खुशाल, पण ८ तास बेड कोण देणार?

रात्रपाळी: बेड कशाला? आईच्या मांडीवर, बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब, दर तासाला कागदावर नोंद. गार पडलेल्या बोटावर आकडा खोटा येतो. आधी ओले कपडे काढा, मूल गरम करा, कानाच्या पाळीवर लावून बघा. आकडा घसरला की दाखल, एक्स-रेही तेव्हाच.

फिल्मवाला: ठीक, हसतखेळत बसलेल्यांची फिल्म नको. मोठा विजय, अभिनंदन. पण चिठ्ठीवर नुसतं ‘बुडालं’ लिहून पाठवणं बंद करा. पाण्याबाहेर किती वाजता काढलं, ऑक्सिजन किती लिटर, नळी किती सेंटिमीटरवर, एवढं तरी लिहा.

बाल_निवासी: लिहू की. तुम्ही मात्र अहवालात ‘न्यूमोनिया नाकारता येत नाही’ लिहिणं थांबवा. वॉर्ड७ त्याच ओळीवर इंजेक्शन फोडतात.