टायगर मॉथ एवढं भारी का मानतात?

विमानवेडा:
दुसऱ्या महायुद्धातल्या पायलटांबद्दल वाचायला घेतलं की टायगर मॉथ हे ब्रिटिश ट्रेनिंगचं विमान येतंच. १९३१ चं डिझाइन, कापडाने मढवलेले दोन मजली पंख, १३० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि पुढे हीच पोरं स्पिटफायरसारखं वेगवान लढाऊ विमान उडवणार, मग शिकायला असलं जुनाट विमान का दिलं?

रडरवाला:
जुनाट दिसतं पण शिकवायला एक नंबर. दोन पंखांमुळे कमी वेगातही उचल भरपूर, छोट्या गवताळ मैदानावरून निघतं, ब्रेकच नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी नुसती स्किड, म्हणजे जमिनीवर घासत जाणारी पट्टी. मुख्य म्हणजे हे विमान चूक झाकत नाही. एलेरॉन (विमान कलंडवणाऱ्या पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्या) फक्त खालच्या पंखांना, त्यामुळे वळताना पायाने रडर (शेपटीचं उभं सुकाणू) नीट दिलं नाही की विमान तिरकं घसरायला लागतं, आणि कॉकपिट उघडं असल्याने वारा थेट एका गालावर येतो, मीटर बघायचीही गरज नाही! कसंतरी उडवणं सोपं, सफाईने उडवणं महाकठीण, म्हणून तर कोण तयार झालाय ते इन्स्ट्रक्टरला लगेच कळायचं.

जुनंइंजिन:
+१. आणि ते पंख मागे झुकलेले का दिसतात माहितीये? याच्या आधीच्या मॉथ मॉडेलमध्ये पुढच्या सीटच्या डोक्यावरच पेट्रोलची टाकी आणि आजूबाजूला खांब, पॅराशूट बांधलेला माणूस बाहेर पडणार कसा? म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि तोल बिघडू नये म्हणून पंख मागे झुकवले. मला तर हा बदल फार आवडतो, एका माणसाला उडी मारता यावी म्हणून अख्ख्या विमानाचा आकार बदलला.

अंबरी:
८,००० च्या वर बनली ही विमानं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळीकडे ट्रेनिंगला, कॅनडात थंडीमुळे कॉकपिटवर झाकण बसवलं. आपल्या हवाई दलातही होतं, नंतर त्याची जागा एचएएल या भारतीय सरकारी कंपनीच्या एचटी-२ या ट्रेनिंगच्या विमानाने घेतली. २०१२ ला दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर वायुसेना दिनाला दुरुस्त केलेलं एक उडालं होतं, फार बरं वाटलं बघून.

विमानवेडा:
वा, मस्त माहिती! पण विद्यार्थी मागे आणि इन्स्ट्रक्टर पुढे, असं उलटं का?

रडरवाला:
पुढची सीट विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ आहे, इन्स्ट्रक्टर उतरला तरी तोलात फारसा फरक पडत नाही. म्हणजे पोरगा पहिल्यांदा एकटा उडाला तरी रोजच्याच सीटवर, समोर रोजचंच दिसतंय, फक्त पुढे डोकं नाही आणि बोलायच्या नळीतून ओरडणारं कोणी नाही.