व्हेंटिलेटरवर आहे म्हणून झोपवून ठेवायचं, हे कुठलं लॉजिक?

रातपाळी_आयसीयू
परवा राऊंडला नव्या रेसिडेंटला विचारलं की या पेशंटला मिडॅझोलॅम का चालू आहे, तर म्हणे सर व्हेंटिलेटरवर आहे ना. बास, एवढंच कारण! घशात ट्यूब आहे म्हणजे झोपेचं औषध हवंच असं कुठे लिहिलंय? दुखत असेल तर फेंटानिल द्या, घाबरला असेल तर आधी बोला त्याच्याशी. 2000 सालीच क्रेस आणि मंडळींनी 128 पेशंटच्या अभ्यासात दाखवलं होतं, रोज सेडेशन (झोपवून ठेवणारं औषध) बंद करून जागं केलं तर व्हेंटिलेटरवरचे दिवस 7.3 चे 4.9 झाले. 2008 च्या एबीसी ट्रायलमध्ये रोज जागं करणं आणि स्वतःच्या श्वासावर सोडून बघणं हे जोडीने केलं, तर वर्षभरात मृत्यू 58 टक्क्यांऐवजी 44. आणि आपण अजून पोरांना व्हेंटिलेटरचे मोड्स, पीप, ग्राफ सगळं घोटून घेतो पण झोपेच्या औषधाचं इन्फ्युजन कधी बंद करायचं ते शिकवतच नाही. स्पष्टच बोलतो, पेशंट झोपतो तो बऱ्याचदा आपली रात्र शांत जावी म्हणून.

सिस्टर_13वर्षं
आपली रात्र म्हणजे कुणाची हो? तुम्ही राऊंड संपवून निघता, माझ्याकडे तीन व्हेंटिलेटर असतात. एकाला जागं केलं की तो ट्यूबला हात घालणार, मी दुसऱ्याचं सक्शन करत असणार, आणि ट्यूब निघाली की इन्सिडंट फॉर्म कुणाच्या नावाने? तुमच्या त्याच एबीसीत स्वतः ट्यूब उपटणारे जागं केलेल्यांत 16 आणि दुसऱ्या गटात 6 होते, ते का नाही लिहिलं?

रातपाळी_आयसीयू
लिहायला हवं होतं, चुकलं. पण त्यातल्या बहुतेकांना परत ट्यूब टाकावी लागलीच नाही हेही त्याच पेपरात आहे, म्हणजे ट्यूब काढायला आपणच उशीर करत होतो.

सिस्टर_13वर्षं
आणि ज्याला लागली त्याचं काय, ते त्या मिनिटाला बेडपाशी असलेल्यांना विचारा.

थर्ड_इयर_रेसिडेंट
मी सिस्टरांच्या बाजूने. नॉनसेडा ट्रायल, 2020, 700 पेशंट, सेडेशन न देता ठेवलेल्यांमध्ये 90 दिवसांचा मृत्यू 42.4 टक्के आणि हलकं सेडेशन दिलेल्यांमध्ये 37, फरक संख्याशास्त्राने सिद्ध नाही पण फायदाही दिसला नाही ना. 2022 ची टीम ट्रायल पण बघा, लवकर आणि जास्त उठवलं बसवलं तर काही फायदा नाही, उलट त्रासाच्या घटना 4.1 वरून 9.2 टक्के. दर दहा वर्षांनी एक क्रांती येते आणि पुढच्या ट्रायलमध्ये आपटते, 2001 चा कडक शुगर कंट्रोल आठवतो ना, 2009 ला नाइस-शुगर ट्रायलने त्यात मृत्यू जास्त दाखवले.

रातपाळी_आयसीयू
अरे पण नॉनसेडातला दुसरा गट बघ की, झोपेच्या खोलीच्या स्केलवर (0 म्हणजे जागा नि शांत, उणे 5 म्हणजे कशालाच प्रतिसाद नाही) टार्गेट उणे 2 ते उणे 3 आणि वर रोज जागं करायचं. आपल्याकडे टार्गेट लिहिलेलंच नसतं आणि पेशंट उणे 5 ला, हाक मारा चिमटा काढा काही नाही. तू ज्यांना 'सेडेशनवाले' म्हणतोस ते आपल्यापेक्षा कितीतरी जागे होते. टीममध्येही तसंच, साध्या गटातले लोकही रोज हालचाल करतच होते.

भूलवाला
दोघांनाही थांबवतो. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला भूलतज्ज्ञ इबसेनच्या सांगण्यावरून विद्यार्थी पाळ्या लावून पेशंटना श्वास द्यायला हाताने बॅग दाबत बसले, सगळे मिळून साधारण 1500 पोरं, आणि आयसीयू नावाची गोष्ट तिथूनच उगवली. ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन घातलेली नळी) होती, तोंडातून ट्यूब नव्हती, हे खरं. पण मुद्दा असा की प्रत्येक बेडपाशी एक माणूस होता. 2010 ला डेन्मार्कच्याच ओडेन्समधल्या ट्रायलमध्ये सेडेशनशिवाय ठेवलं तेव्हाही एका पेशंटला एक नर्स होती, आणि तरी काहींना धीर द्यायला वेगळा माणूस बसवावा लागला. तो माणूस काढून टाकायचा आणि फक्त औषध बंद करायचं, याला प्रगती म्हणू नका. बाकी स्टेटस एपिलेप्टिकस (न थांबणारी फिट), डोक्यातलं प्रेशर वाढलेलं, स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलेलं, तिथे हा वादच नाही, तिथे नीट झोपवायचं.

परत_आलेला_पेशंट
डॉक्टर नाही, फक्त 11 दिवस आत होतो. झोपवलेल्या दिवसांत मला कुणीतरी पाण्याखाली बांधून ठेवलंय असंच दिसायचं, आणि ते अजून दिसतं. जागं केल्यावरचे दिवस पण वाईटच होते, बोलता येत नाही, घसा जळतो, पण सिस्टरने अक्षरांचा तक्ता दिला आणि मी पहिलं काय विचारलं तर वार कोणता. ते दिवस आठवून भीती नाही वाटत. तुम्ही ठरवा काय ते.

थर्ड_इयर_रेसिडेंट
तक्त्याचा आकडा कुठल्या ट्रायलमध्ये येणार म्हणा.

सिस्टर_13वर्षं
दादा, तक्ता द्यायला पण हात मोकळे लागतात. ठीक आहे सर, करू बंद. पण बंद केल्यावर पहिला अर्धा तास बेडपाशी डॉक्टर उभा राहणार, कबूल?

रातपाळी_आयसीयू
कबूल, माझ्या युनिटात उद्यापासून रेसिडेंटला उभं करतो.

सिस्टर_13वर्षं
रेसिडेंटला नाही हो. तुम्ही.