पहाटे चारला झोन मॉनिटर उगाच बोंबलतोय

सोल्डरवाला:
नमस्कार मंडळी. मी हॉस्पिटलात बायोमेडिकलला आहे, समुद्र खिडकीतून दिसतो इतका जवळ. ब्रॅकीथेरपीच्या (शरीरात किरणोत्सर्गी सोर्स ठेवून कॅन्सरवर उपचार) खोलीत भिंतीवर गॅमा झोन मॉनिटर आहे, खोलीतलं रेडिएशन वाढलं की हूटर वाजवणारा, जीएम ट्यूबचा (रेडिएशन आलं की पल्स देणारी नळी). पाऊस सुरू झाल्यापासून पहाटे चारच्या सुमारास हूटर वाजतो. इरिडियम-१९२ चा सोर्स तेव्हा मशीनच्या तिजोरीतच असतो. तरी दर वेळी रेडिएशन मोजायचा सर्व्हे मीटर हातात घेऊनच आत जातो. दाराशी ०.१५ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास (म्हणजे नैसर्गिक पातळीच), मशीनपाशी नेहमीइतकंच.

कम्पॅरेटरचा (सिग्नल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अलार्म देणारा भाग) आयसी एलएम ३११ बदलला, फरक शून्य. अलार्मचा प्रीसेट (किती आकड्याला वाजायचं ते) मात्र हलवलेला नाही, देवाशपथ. ट्यूबवर मल्टीमीटरने मोजलं तर ५०० ऐवजी २५० व्होल्टच दिसतात. हाय व्होल्टेजच गेलंय का? वॉचमन आता मला बघितलं की कानावर हात ठेवतो.

जुनाट_इन्स्ट्रुमेंट:
आयसी काढायच्या आधी एक बघायचं होतंस बाबा. हूटर वाजतो तेव्हा पडद्यावरचा आकडाही चढतो का? चढत असेल तर कम्पॅरेटर बिचारा आपलं काम करतोय, खोटे पल्स मागून येतायत. आकडा जागेवर आणि नुसता हूटर, तर मग प्रीसेट, लॅच (अलार्म धरून ठेवणारं सर्किट), रिले (हूटरचा स्विच) बघ.

आणि ते २५०! ट्यूबच्या आधी १० मेगओहमचा रेझिस्टर असेल, तुझा मीटरही १० मेगओहमचा. निम्मं मीटरच खातोय. हाय व्होल्टेज प्रोब लाव नाहीतर तो आकडा विसर.

सोल्डरवाला:
काका, आकडा चढतो! ४०-५० पर्यंत जाऊन खाली येतो.

जुनाट_इन्स्ट्रुमेंट:
मग ओल, तिच्यातून व्होल्टेज गळलं की खोटे पल्स होतात. सप्लाय बंद कर, कपॅसिटर रिकामे होऊ दे (मी एकदा घाई केली होती, कोपरापर्यंत झिणझिण्या). ट्यूब काढ, नुसती केबल जोडलेली ठेवून परत चालू कर. डिटेक्टर फेलचा दिवा लागला आणि आकडा शून्यावर बसला, तर केबल निर्दोष. तरीही पल्स आले तर कनेक्टर उघड.

खोली_नं_३:
मी रेडिएशन सेफ्टी बघते. हे चालू असताना त्या खोलीत रुग्ण घेऊ नका आणि आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) लेखी कळवा. हूटरची वायर काढून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. दुरुस्तीनंतर टेस्टच्या बटणावर विसंबू नका. बऱ्याच मॉनिटरांत ते पुढच्या सर्किटलाच सिग्नल देतं, ट्यूब मेलेली असली तरी हूटर झक्क वाजतो. चेक सोर्स (तपासणीपुरता छोटा किरणोत्सर्गी सोर्स) ट्यूबसमोर धरूनच बघा.

सोल्डरवाला:
सापडलं! ट्यूब काढली तरी पल्स येतच होते. कनेक्टरच्या पांढऱ्या टेफ्लॉनवर पिनेपासून कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ, पितळेवर हिरवा बुरा. वर बघतो तर एसीचा पाइप बरोबर त्या जागी ठिबकतोय. रात्री एसी बंद, खोली दमट, म्हणून पहाटेचा मुहूर्त.

आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून भागलं नाही, रेघ जळालेलीच होती. दोन्ही बाजूंचे कनेक्टर नवे टाकले, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली. सिझियमच्या चेक सोर्सने हूटर वाजला, सोर्स हटवून रिसेट केल्यावर गप्प. आरएसओंनी सही केली. चार रात्री झाल्या, पहाटे फोन नाही. एसीच्या पाइपाचं पत्र मेंटेनन्सकडे गेलंय, तिथे ठिबकणं चालूच आहे. सध्या खाली बादली.