मदत हवी आहे: शिकारीच्या रायफलची दुर्बीण – खुणांचं रेटिकल घ्यावं की उंचीचा डायल?

नमस्कार मंडळी,

३०८ विंचेस्टर रायफलवर नवी दुर्बीण बसवायची आहे, ३ ते १५ पटीची. प्रश्न असा, की अंतरानुसार नेम उंचावायला खुणांचं रेटिकल (दुर्बिणीत दिसणारी नेमाच्या रेघांची आकृती) घ्यावं, की उंचीचा डायल (नेम वर-खाली करायची फिरती चकती). शिकार हरीण आणि रानडुकराची, रीतसर परवान्यावर आणि हंगामातच. बहुतेक नेम २०० मीटरच्या आत असतात. क्वचित मोकळ्या माळावर ३०० मीटरचा योग येतो, त्यापलीकडे मी चाप ओढत नाही. जनावर जागीच पडावं, जखमी होऊन रानात जाऊ नये, एवढी एकच अट मनात धरून निवड करतो आहे.

आधी माझे आकडे देतो. १६५ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला साधारण ८२० मीटर. १०० मीटरला झिरो केलं, म्हणजे तिथे नेमाचा बिंदू आणि गोळी एकाच जागी जुळवली, तर ती २०० मीटरला ११-१२ सेंमी खाली लागते, ३०० ला सुमारे ४५ आणि ४०० ला जवळपास एक मीटर. म्हणजे ३०० ला दीड मिल भरपाई हवी (एक मिल म्हणजे १०० मीटरला १० सेंमी, ३०० ला ३०). डायलची प्रत्येक क्लिक ०.१ मिलची असेल तर १५ क्लिक.

खुणांच्या रेटिकलचा फायदा उघड आहे: काही फिरवायचं नाही, योग्य खूण छातीवर धरायची आणि चाप ओढायचा. पण रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल (म्हणजे पट बदलली तरी रेघा तेवढ्याच दिसत असतील), तर खुणांचं माप एकाच पटीवर बरोबर येतं, बहुधा सर्वात मोठ्या. १५ पटीवर दीड मिल दाखवणारी खूण ७.५ पटीवर तीन मिलची होते. ३०० मीटरला ती धरून नेम घेतला तर गोळी ४५ सेंमी वर, थेट पाठीवरून निघून जाणार. घाईच्या क्षणी कोणती पट लावली आहे हे ध्यानात राहीलच याची खात्री कोण देणार?

पहिल्या फोकल प्लेनमध्ये हा घोळ नाही, रेघा पटीबरोबर लहान-मोठ्या होतात आणि माप प्रत्येक पटीवर खरं राहतं. पण ३ किंवा ४ पटीवर त्याच्या रेघा केसासारख्या बारीक होतात. आणि दाट झाडीतलं रानडुक्कर नेमकं तेव्हाच समोर येतं, तेही तिन्हीसांजेला. मधे उजळणारा ठिपका असेल तर बरंचसं निभावतं म्हणा. खाली पसरत जाणारं ठिपक्यांचं झाड असलेलं रेटिकल मात्र शिकारीला नकोच असं माझं ठाम मत आहे. लांबच्या फलकावर ते उत्तम, पण अंधुक उजेडात त्या गर्दीत जनावराचा खांदा शोधावा लागतो. जाड दांड्यांचं, मधे बारीक होणारं साधं क्रॉसहेअर डोळ्याला आपोआप मध्यावर नेतं.

म्हणून कल डायलकडे जातो आहे. साधं रेटिकल, १५ क्लिक फिरवले की क्रॉसहेअरचा मध्य आणि गोळी एकाच जागी. वेळ लागतो, पण ३०० मीटरवरचं चरणारं हरीण बहुतेक वेळा तेवढी सवड देतं. भीती दोन गोष्टींची आहे. उघडा डायल झुडपाला किंवा पिशवीला घासून नकळत फिरला तर? आणि नेमानंतर तो परत आणायचा राहिला, तर पुढच्या १०० मीटरच्या जनावरावर गोळी १५ सेंमी वर लागेल. त्यामुळे कुलूप होणारा आणि झिरो स्टॉप (परत फिरवताना मूळ झिरोवर अडवणारी सोय) असलेला डायलच हवा, हे पक्कं केलं आहे. डायलसाठी मीटरचे आकडे कोरलेली कडी आपल्या काडतुसानुसार बनवून मिळते. ती एकाच गोळीला आणि ठरावीक हवामानाला बांधलेली असते, पण ३०० च्या आत त्याने विशेष बिघडू नये.

वारा मात्र डायलवर घ्यायचा नाही, रेटिकलवरच धरायचा. तो क्षणाक्षणाला बदलतो आणि ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० मीटरला गोळी जवळपास वीतभर सरकवतो. त्यासाठी आडव्या रेघेवर मोजक्या खुणा असाव्यात असं वाटतं.

तिसरा मार्गही आहे. जर्मन काडतुसांच्या डब्यावर 'जीईई' म्हणून एक अंतर छापलेलं असतं: गोळी वाटेत नेमरेषेच्या ४ सेंमीहून वर न जाता जिथे पुन्हा नेमावर येते ते अंतर. त्यासाठी साधारण १०० मीटरला ४ सेंमी वर झिरो करायचं. मग माझी गोळी २०० मीटरला जेमतेम ३-४ सेंमी खाली जाते, म्हणजे तिथवर डायलला हात लावायची गरजच नाही.

अनुभवी मंडळींना विचारायचं आहे ते हे:

जीईई झिरो ठेवून, फक्त २०० च्या पुढे डायल वापरणं कोणी करतं का? की दोन पद्धती एकत्र केल्याने ऐन वेळी गोंधळ होतो?

कुलूपवाला डायल थंडीत, हातमोजे घालून सहज उघडतो का?

आणि ३०० हीच मर्यादा असेल तर दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये साधं रेटिकल आणि उजळणारा ठिपका एवढं पुरे होईल, की पहिल्या फोकल प्लेनसाठी जास्त पैसे मोजावेत? तिन्हीसांजेला दोन्हींतून पाहिलेल्या कोणी सांगितलं तर फार मदत होईल.