‘किसिंग बाँड’ला मराठीत काय म्हणावं?

विमानाच्या चिकटवलेल्या सांध्यांवर मराठीत लिहितोय. ‘फटीग’ला (पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला चिरा जाणं) थकवा लिहिलं, ‘डिसबाँड’ला सांधा सुटणे. गाडी अडलीय ‘किसिंग बाँड’पाशी. दोन पत्रे एकमेकांना घट्ट लागलेले, मध्ये फट नाही, पण चिकटथराने पत्र्याला धरलेलंच नाही. ‘चुंबन-बंध’ लिहायला हात धजत नाही!

——

नकाच लिहू. शब्द तुमच्याच वाक्यात आहे. कलम धरतं, रंग धरतो, तसा हा ‘न धरलेला सांधा’. सुटलेला वेगळा. नाण्याच्या कडेने पत्र्यावर टकटक करत गेलं की धड सांधा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. न धरलेला मात्र धडासारखाच वाजतो. अल्ट्रासाऊंडही बऱ्याचदा फसतो, कारण फटच नसल्यामुळे लहर आरपार जाते. म्हणून खरी राखण चिकटवण्याआधीच. धुतलेल्या पत्र्यावर पाणी सोडतात. सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन फुटलं तर पत्रा पुन्हा धुवायला.

——

माझी हरकत ‘थकवा’वर. थकवा झोप काढली की जातो. विमान महिनाभर हँगरमध्ये उभं ठेवलं म्हणून पत्र्यातली चीर बुजते का? ‘शिणवटा’ लिहिलं तरी तेच.

शिवाय ‘थकवा’ आणि ‘सांधा सुटणे’ हे दोन शब्द वेगवेगळ्या प्रकरणांत टाकू नका. 28 एप्रिल 1988 ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर उडत्या विमानावरून उखडलं, एक हवाई सेविका गेली. त्या विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती. दर उड्डाणाला केबिन हवेने फुगायची, उतरताना सैलावायची. जोडातला चिकटथर सुटला, त्याचा भार रिवेटांवर आला आणि रिवेटांच्या भोकांच्या धारदार कडांपासून चिरा निघाल्या. आधी सांधा सुटला, मग पत्रा थकला.

——

म्हणजे शेवटी तुम्हीही ‘थकला’च म्हणालात! ठेवतो मग. ‘फटीग’मध्येही तीच खोट आहे, इंग्रजीने ती चालवून घेतलीय.

——

‘अधर सांधा’ कसा वाटतो? अधर म्हणजे ओठ, आणि अधर म्हणजे आधार नसलेलाही. एका दगडात दोन पक्षी.

——

कोटी झकास. पण अधर वस्तू कशालाच टेकलेली नसते, हा तर टेकून बसलेला असतो, तोच तर घोळ आहे. ‘न धरलेला’च लिहितोय.