रीडबॅक देऊनही चूक होते, ती नेमकी कुठे?

सोनेगाव_३२:
आरटीआरची (विमानाच्या रेडिओवर बोलायच्या परवान्याची) तयारी चालू आहे, नागपूरलाच. कंट्रोलरने सूचना दिली, पायलटने ती परत म्हणून दाखवली की काम पक्कं, असं शिकवतात. मग रीडबॅक होऊनही विमानं कशी आदळली? आणि सराव नेमका कशाचा करायचा?

टॉवरकान:
भाऊ, पायलटने म्हणून दाखवणं हे अर्धंच काम. ते कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं, चुकलं तर तिथंच अडवायचं, याला हिअरबॅक म्हणतात. बहुतेक वेळा हीच बाजू निसटते.

फेब्रुवारी 1989, क्वालालंपूरजवळचं सुबांग. फ्लाइंग टायगरच्या मालवाहू 747 ला सूचना गेली, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो', म्हणजे 2400 फूट. कॉकपिटने त्यातला 'टू' हा आकडा (two) न धरता 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' (to) धरला, म्हणजे 400 फूट. उत्तर आलं, 'ओके, फोर झिरो झिरो'. चूक उघड ऐकू येत होती, पण कुणी टोकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघंही गेले. म्हणून 'टू थाउजंड फोर हंड्रेड' असंच म्हणायचं.

कान अपेक्षेप्रमाणे ऐकतो. नागपूरवरून पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण, दोन्हीकडची विमानं जातात. पश्चिमेला निघालेल्याने 360 लेव्हल (म्हणजे साधारण 36,000 फूट उंची) मागितली आणि 340 मिळाली, तर तो 360 म्हणून मोकळा होतो. त्याच क्षणी कंट्रोलर दुसऱ्या सेक्टरच्या (आकाशाच्या शेजारच्या भागाच्या) कंट्रोलरशी फोनवर असला की संपलंच. चुकीचा रीडबॅक आला तर 'निगेटिव्ह' म्हणून पूर्ण सूचना पुन्हा द्यायची, नुसता आकडा नाही.

मिहान_वैमानिक:
रीडबॅक अगदी बरोबर असूनही घात होतो, हे हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांच्या आकाशातल्या टकरीने दाखवलं. 12 नोव्हेंबर 1996, 349 जीव गेले. कझाक विमानाला 150 लेव्हल दिली होती, सौदी विमान 140 वर होतं. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान उडवणारे वेगळे. बोलणाऱ्यासमोर स्वतःचा अल्टिमीटरही (उंची दाखवणारं यंत्र) नव्हता. त्याने सूचना घेतली, विमान मात्र 150 च्या खाली गेलं. म्हणून ऐकलेला आकडा एकाने सेट करायचा, दुसऱ्याने यंत्रावर बघून मोठ्याने म्हणायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

क्यूएनएचकडेही लक्ष द्या, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब. 992 हेक्टोपास्कल सांगितलं आणि पाऱ्याच्या इंचांत दाब लावायची सवय असलेल्याने 29.92 इंच लावलं, तर तो 1013 हेक्टोपास्कलवर बसला. फरक 21 चा. एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट धरा, म्हणजे विमान दाखवतं त्यापेक्षा जवळजवळ 600 फूट खाली आहे. अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, ही चूक जीवघेणी.

सोनेगाव_३२:
नीट ऐकू आलं नाही, पण फ्रिक्वेन्सीवर गर्दी आहे. 'रॉजर' म्हणून शेजारच्या पायलटला विचारलं तर?

टॉवरकान:
मुळीच नाही. 'रॉजर' म्हणजे फक्त संदेश मिळाला. लेव्हल, हेडिंग (दिशा), रनवे, क्यूएनएच यांना ते उत्तर होऊ शकत नाही. दोघांनी वेगवेगळं ऐकलं असेल तर आपसात ठरवू नका, 'से अगेन' म्हणा.

गर्दीत आणखी एक अडचण. दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याला नुसती किंकाळी येते. 27 मार्च 1977 ला टेनेरीफला (स्पेनच्या बेटावर) कंट्रोलरचं 'थांबा, मी सांगतो' आणि पॅन ॲमचं 'आम्ही अजून रनवेवर आहोत' एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये धड पोहोचलेच नाहीत. केएलएमचं विमान टेकऑफला धावत पॅन ॲमच्या विमानावर आदळलं, 583 लोक गेले. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. बोलण्याआधी दोन सेकंद ऐका, मगच बटण दाबा.